हर्लिंगमधील ग्रामक्लब आणि काउंटी अजिंक्यपद : आयर्लंडमधील एका स्थाननिष्ठ क्रीडापरंपरेचे स्वरूप

प्रस्तावना

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन आणि आजही तितकाच जिवंत असलेला मैदानी खेळ होय. १३६६ च्या किलकेनी कायद्यांन्वये इंग्रज सत्ताधीशांनी आपल्या वसाहतकारांना हा खेळ खेळण्यास मनाई केली होती, यावरून त्याच्या प्राचीनत्वाची आणि लोकप्रियतेचीही कल्पना यावी. २०१८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक सूचीत त्याचा समावेश केला. बाहेरच्या जगाला हा खेळ दिसतो तो प्रामुख्याने डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावरील अखिल आयर्लंड अंतिम सामन्याच्या निमित्ताने. सुमारे ब्याऐंशी हजार प्रेक्षकांसमोर दोन काउंट्यांचे संघ त्या दिवशी झुंजतात. तथापि या भव्य सोहळ्याचे मूळ गावागावांतील क्लबांत आणि प्रत्येक काउंटीच्या अंतर्गत अजिंक्यपद स्पर्धेत आहे. खेळाडू जन्मभर ओळखला जातो तो त्याच्या क्लबच्या नावाने. काउंटीची जर्सी त्याच्या अंगावर चार-दहा वर्षे असते, क्लबची मात्र बालपणापासून चाळिशीपर्यंत. या क्लबव्यवस्थेची घडण कशी झाली, ती कोणत्या नियमांवर उभी आहे आणि आज तिच्यापुढे कोणता पेच आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खेळाचे स्वरूप

प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. ॲश वृक्षाच्या लाकडापासून बनविलेली, टोकाशी रुंद व चपटी होत जाणारी 'हर्ली' आणि सुमारे ११० ते १२० ग्रॅम वजनाचा, चामड्याने मढविलेला 'स्लिटर' नावाचा चेंडू ही खेळाची साधने. इंग्रजी एच या अक्षराच्या आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला तर एक गुण. गुणफलकावर गोल आणि गुण वेगवेगळे लिहिले जातात. २०२२ च्या अखिल आयर्लंड क्लब अंतिम सामन्यात वॉटरफर्डच्या बॅलीगनरचे २-१७ आणि किलकेनीच्या बॅलीहेल शॅमरॉक्सचे १-१९ असे गुण झाले. म्हणजे तेवीस विरुद्ध बावीस. हा निकाल वाढीव वेळेत झालेल्या एका गोलने फिरला. हर्लीने चेंडू हवेतल्या हवेत टोलविणे, तिच्या टोकावर चेंडू तोलून धावणे ही कौशल्ये सहा-सात वर्षांच्या वयापासून अंगवळणी पडावी लागतात. हा तांत्रिक तपशील वाटेल. परंतु खेळ प्रौढपणी शिकता येत नाही आणि म्हणून मुले घडविणारा गावचा क्लबच त्याचा आधार ठरतो, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

क्लब आधी, काउंटी नंतर

१ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स येथे मायकेल क्यूसॅक, मॉरिस डेव्हिन प्रभृतींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. तोपर्यंत हर्लिंगचे नियम प्रदेशागणिक वेगळे होते. संघटनेने ते एकरूप केले आणि गावोगाव क्लब स्थापन होऊ लागले. ब्रिटिश सत्तेखालील आयर्लंडमध्ये क्लब हे राष्ट्रीय अस्मितेचे स्थानिक केंद्रही ठरले. क्लबांची नावे पाहिली तरी याची साक्ष पटते. एका बाजूस सेंट फिनबार, सेंट रिना असे त्या त्या भागातील संत, तर दुसऱ्या बाजूस पॅट्रिक सार्सफील्ड, वुल्फ टोन, रॉबर्ट एमेट, जेम्स स्टीफन्स असे लढवय्ये व क्रांतिकारक. चर्च आणि राष्ट्रवाद या दोन्ही प्रेरणा क्रीडाक्षेत्रात अशा एकाच मैदानावर आलेल्या दिसतात.

१८८७ सालची पहिली अखिल आयर्लंड स्पर्धा आजच्या अर्थाने काउंट्यांमधील नव्हतीच. प्रत्येक काउंटीतील विजेता क्लब त्या काउंटीचे प्रतिनिधित्व करीत असे. १ एप्रिल १८८८ रोजी बर येथे झालेल्या अंतिम सामन्यात टिपरेरीतर्फे थर्ल्सचा आणि गॉलवेतर्फे मीलिकचा संघ उतरला आणि थर्ल्सने विजय मिळविला. पुढे १८९२ पासून विजेत्या क्लबाला इतर क्लबांतील खेळाडू घेण्याची मुभा मिळाली आणि निवडक खेळाडूंचा काउंटी संघ हळूहळू आकारास आला. तात्पर्य, काउंटी संघ हा क्लबस्पर्धेच्या पोटी जन्मलेला आहे. या वंशावळीची एक खूण किलकेनीत दिसते. तेथे काउंटी जिंकणाऱ्या क्लबास पुढील वर्षीच्या काउंटी संघाचा कर्णधार सुचविण्याचा मान परंपरेने मिळत आला. २००६ साली बॅलीहेल शॅमरॉक्सने किलकेनी जिंकली आणि २००७ मध्ये त्या क्लबचा हेन्री शेफ्लिन काउंटीचा कर्णधार झाला. त्याच वर्षी किलकेनीने अखिल आयर्लंड अजिंक्यपदही मिळविले. सर्वांत योग्य व्यक्तीऐवजी विजेत्या क्लबची व्यक्ती कर्णधार करणे आधुनिक क्रीडाव्यवस्थापनाच्या दृष्टीने अव्यवहार्यच म्हणावे लागेल. तरीही सुमारे एक लाख लोकसंख्येच्या या काउंटीने २०१५ पर्यंत छत्तीस वेळा अखिल आयर्लंड अजिंक्यपद पटकाविले आहे.

पॅरिशचे बंधन

या व्यवस्थेचा कणा म्हणजे पॅरिश. एका कॅथलिक चर्चच्या अखत्यारीतील मुलूख म्हणजे पॅरिश. त्यात एक किंवा अनेक खेडी येतात. अनेक काउंट्यांत क्लबची हद्द ही पॅरिशची हद्द मानली जाते आणि खेळाडूने ज्या पॅरिशमध्ये तो वाढला वा राहतो त्याच क्लबकडून खेळावे, असा दंडक असतो. शेजारचा क्लब बलाढ्य आहे, तेथे पदक मिळण्याची शक्यता अधिक आहे, एवढ्या कारणावरून क्लब बदलता येत नाही. वास्तव्य खरोखरच बदलले तर बदलाचा अर्ज करता येतो. हर्लिंगमधील सर्वश्रेष्ठ खेळाडूंत गणला जाणारा क्रिस्टी रिंग मूळचा क्लॉइनचा. परंतु कॉर्क शहरातील ग्लेन रोव्हर्सकडून तो खेळू लागला आणि त्या क्लबबरोबर त्याने चौदा काउंटी पदके मिळविली.

खेळाडू हौशी असतात. बहुतेक सांघिक खेळांच्या वरच्या पातळीवर खेळाडूंची खरेदी-विक्री होते. येथे खेळाडू विकत घेताच येत नाही. (क्लबच्या व्यवस्थापकांना आडमार्गाने मोबदला दिला जातो, अशी तक्रार मात्र जुनीच आहे.) मैदानाची देखभाल, लहान मुलांचे प्रशिक्षण, साप्ताहिक सोडतीच्या तिकिटांची विक्री ही सर्व कामे गावकरीच करतात. सुतार, शिक्षक, शेतकरी, बँकेतील कर्मचारी एका संघात असतात आणि रविवारी ज्याने गोल वाचविला तोच सोमवारी मुलांना वर्गात शिकविताना भेटतो. पराभवाचा जाबही तेथेच द्यावा लागतो.

बॅलीहेल शॅमरॉक्सचे उदाहरण या संदर्भात अभ्यसनीय आहे. बॅलीहेल, नॉकटोफर आणि नॉकमॉयलन या एकाच पॅरिशमधील तीन वस्त्यांनी १९७२ मध्ये एकत्र येऊन हा क्लब उभारला. १९८१ साली अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद जिंकणाऱ्या संघात फेनेली कुटुंबातील सात सख्खे भाऊ होते. २०२३ पर्यंत या क्लबने ते अजिंक्यपद नऊ वेळा मिळविले. इतर कोणत्याही क्लबला ही संख्या गाठता आलेली नाही. शेफ्लिनने किलकेनीतर्फे दहा अखिल आयर्लंड पदके जिंकली. परंतु त्याचा अखेरचा मोठा सामना १७ मार्च २०१५ चा क्लब अंतिम सामना होता. पुढे २०१९ व २०२० मध्ये त्याच्याच व्यवस्थापनाखाली क्लब पुन्हा विजयी झाला.

काउंटी अजिंक्यपदाची रचना

प्रत्येक काउंटीत क्लबांची वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ अशा श्रेणींत विभागणी केलेली असते. गटसामने, त्यानंतर बाद फेरी, उपांत्य आणि अंतिम सामना असा सर्वसाधारण क्रम असतो. कनिष्ठ वा मध्यम श्रेणीतील विजेता वर चढतो, तळाचा क्लब खाली घसरतो. ही घसरण गावाच्या मनाला किती लागते, हे गुणतक्त्यावरून समजत नाही. वरिष्ठ श्रेणीत पोहोचण्यास एका पिढीचे कष्ट लागलेले असतात आणि एका वाईट हंगामात ते वाया जातात. टिपरेरीतील बॉरिस-आयली या क्लबने १९८६ नंतर थेट २०१९ मध्ये काउंटी जिंकली. याउलट बॅलीगनरने २०१४ ते २०२३ अशी सलग दहा वर्षे वॉटरफर्डचे अजिंक्यपद राखले. एवढी मक्तेदारी विजेत्यांना सुखावते. उरलेल्या क्लबांच्या आणि पर्यायाने काउंटीच्या प्रकृतीस ती मानवते, असे म्हणवत नाही.

काउंटीचा विजेता प्रांताच्या स्पर्धेत आणि तेथून अखिल आयर्लंड क्लब स्पर्धेत जातो. ही स्पर्धा १९७०-७१ मध्ये सुरू झाली. टिपरेरीचा रॉसक्रे क्लब तिचा पहिला विजेता. पुढे दीर्घकाळ तिचा अंतिम सामना सेंट पॅट्रिक दिनी, १७ मार्चला होत असे; २०२० मध्ये तो जानेवारीत आणण्यात आला.

कॉर्कची रचना थोडी निराळी आहे. तेथे खालच्या श्रेणीतील लहान क्लबांच्या खेळाडूंना एकत्र करून विभागीय संघ बनविले जातात आणि ते वरिष्ठ स्पर्धेत उतरतात. खेड्यातील गुणी खेळाडूला क्लब न सोडता वरिष्ठ दर्जाचे हर्लिंग खेळता यावे, हा हेतू. पूर्व कॉर्कमधील इमोकिली या विभागीय संघाने २०१७, २०१८ व २०१९ अशी सलग तीन वर्षे काउंटी जिंकली. तथापि मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेत विभागीय संघास प्रवेश नाही. त्यामुळे काउंटीचा विजेता घरी आणि दुसराच क्लब प्रांताच्या मैदानावर, असे दृश्य त्या तिन्ही वर्षी दिसले. नियम विचित्र वाटला तरी त्यामागील भूमिका स्पष्ट आहे : अनेक क्लबांची बेरीज म्हणजे क्लब नव्हे.

वेळापत्रकाचा संघर्ष

काउंटी संघाचे महत्त्व वाढत गेले तसा क्लबचा खेळाडू उपेक्षित होत गेला. काउंटी संघातील खेळाडू व्यवस्थापकाच्या ताब्यात. ते परत येईपर्यंत क्लबचे सामने तहकूब. एप्रिलमध्ये एक-दोन सामने आणि मग ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत शुकशुकाट, असा अनुभव अनेक काउंट्यांत येई. पुढचा सामना कधी, हे ठाऊक नसल्याने सामान्य खेळाडूला प्रवास वा विवाहसमारंभही ठरविता येत नसे. काउंटी संघात खेळणारे मूठभर. त्यांच्यासाठी उरलेल्या प्रचंड बहुसंख्येने ताटकळावे, ही या व्यवस्थेतील उघड विसंगती होती. जानेवारी २०१७ मध्ये क्लब खेळाडूंची एक स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि तिने निश्चित वेळापत्रकाची मागणी लावून धरली.

तोडगा निघाला तो काहीसा अपघाताने. २०२० मध्ये कोविड महामारीमुळे उन्हाळ्यात प्रथम क्लबांचे आणि नंतर काउंट्यांचे सामने घेण्यात आले. काउंटीचे सर्व खेळाडू क्लबपाशी उपलब्ध असताना स्पर्धा किती रंगतदार होते, हे त्या हंगामाने दाखविले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संघटनेच्या वार्षिक अधिवेशनाने विभाजित हंगामास मान्यता दिली आणि हेतू साध्य झाल्याने खेळाडूंची ती संघटना विसर्जित करण्यात आली. २०२२ पासून काउंट्यांचा हंगाम जुलैमध्ये संपतो. उरलेले वर्ष क्लबांचे. सप्टेंबरमधील अखिल आयर्लंड अंतिम सामन्याची जुनी प्रथा मोडली, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात खेळ राष्ट्रीय प्रसिद्धीतून दिसेनासा होतो, असे आक्षेप घेतले जातात. ते खोटे नाहीत. परंतु प्रसिद्धीची ही हानी सोसूनही क्लबच्या खेळाडूला त्याचे वेळापत्रक परत मिळाले, हा न्याय मोलाचा आहे.

गावे रिती, शहरे भरलेली

वेळापत्रकाचा प्रश्न ठरावाने सुटला; लोकसंख्येचा प्रश्न तसा सुटणारा नाही. पॅरिशची हद्द स्थिर आणि माणसे मात्र अस्थिर. स्थलांतर आयर्लंडला नवे नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतरही क्लबांमधून तरुण मुले मोठ्या संख्येने परदेशी गेली. जे देशात राहिले त्यांतील अनेकांना नोकरीसाठी डब्लिन गाठावे लागले आणि सरावासाठी आठवड्यातून दोनदा गावापर्यंत मोटार हाकावी लागते. शाळेतील पटसंख्या घटली की दहा-बारा वर्षांनी प्रौढ संघाला पंधरा खेळाडू मिळत नाहीत, इतके हे गणित सरळ आहे.

डब्लिनच्या उपनगरांत नेमके उलट चित्र दिसते. तेथे पॅरिशचे बंधन लागू नाही, एकेका क्लबची सदस्यसंख्या हजारांत आहे आणि मैदाने अपुरी पडतात. २०१७ साली क्युआला हा अखिल आयर्लंड हर्लिंग क्लब अजिंक्यपद जिंकणारा डब्लिनचा पहिला क्लब ठरला. जानेवारी २०२५ मध्ये ना फिअना या डब्लिनच्याच क्लबने ते मिळविले. शहरी क्लबांचा हा उदय खेळाच्या प्रसाराच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र आजोबा, वडील आणि नातू एकाच जर्सीत, ही साखळी नव्या वसाहतीत तयार व्हावयास अवकाश लागेल.

त्यातच हर्लीच्या लाकडाचे संकट उभे राहिले आहे. ॲश वृक्षांना मारणाऱ्या बुरशीजन्य रोगाची आयर्लंडमध्ये पहिली नोंद २०१२ मध्ये झाली. बरेचसे लाकूड आधीपासूनच आयात होत असे, आणि हा रोग तर युरोप खंडातूनच आलेला. बांबूच्या आणि कृत्रिम द्रव्यांच्या हर्ली आता वापरात येत आहेत. लाकूड बदलले तरी खेळ चालू राहील. माणसांचे तसे नाही.

लहान क्लबांपुढील मार्ग मोजके आहेत. कमी खेळाडूंचे सामने खेळणे हा एक. दुसरा म्हणजे शेजारच्या पॅरिशशी हातमिळवणी करणे. बहुतेक ठिकाणी प्रथम मुलांचे संघ एकत्र केले जातात आणि प्रौढ संघ स्वतंत्र ठेवले जातात. त्यामुळे सोळाव्या वर्षापर्यंत एका संघात वाढलेली मुले पुढे काउंटी अजिंक्यपदात एकमेकांविरुद्ध उभी राहतात. पूर्ण विलीनीकरणाचा विषय क्लबच्या वार्षिक सभेत येतो तेव्हा चर्चा अडते ती सहसा नाव, जर्सीचा रंग आणि मैदान यांवर. कोणत्या गावचे मैदान मुख्य धरावयाचे, यावर दोन्ही पॅरिशमधील वृद्ध सभासद अखेरपर्यंत हटत नाहीत.