घोड्याच्या तोंडावर तांबे, तोंडात लोखंड! विदर्भातील अडीच हजार वर्षांपूर्वीचा अश्वसाज नेमका कसा होता?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत कोणत्या पार्टला कोणता धातू वापरायचा, हा रोजचा प्रश्न. विदर्भातील कारागिरांनी तो लोहयुगातच सोडवला होता. पुरावा आहे घोड्याचा साज.

कुठे सापडला?
नागपूरजवळच्या माहुरझरी येथे नागपूर विद्यापीठाच्या प्रा. शां. भा. देव यांनी 1970 ते 1972 दरम्यान उत्खनन केले. नायकुंडला 1978 ते 1980 या काळात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य पुरातत्त्व विभागाने काम केले. दोन्ही ठिकाणी शिळावर्तुळे, म्हणजे मोठ्या दगडांच्या गोल रिंगणातील दफने आहेत. त्यांत माणसांसोबत घोड्यांचे अवशेष आणि साजही मिळाला.

साजात काय होते?
तोंडावर बांधायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने आणि त्यांवर लोखंडी गोल गाठी. तोंडात अडकवायची कडियाळी मात्र लोखंडाची.

दोन धातू कशासाठी?
तांबे मऊ असते. ठोकून त्याचा पातळ पत्रा होतो आणि तो चमकतोही. कडियाळीवर लगामाचा ताण येतो, घोडा ती चावतो. तिथे लोखंडच टिकते. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली आहे. म्हणजे कच्च्या खनिजापासूनचे काम याच भागात होत होते.

जगात इतरत्र काय?
इराणच्या लुरिस्तानमधील कडियाळी कांस्याच्या, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूच्या आहेत. त्यांच्या बाजूच्या पट्ट्या प्राण्यांच्या आकारात ओतलेल्या असतात. तिथे कास्टिंग, इथे पत्राकाम.

आज काळजी कशाची?
मुरूम उपसा, नांगरणी आणि वाढती बांधकामे यांमुळे शिळावर्तुळे नष्ट होत आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहेत, पण सगळ्याच वर्तुळांना हे संरक्षण नाही. दगड हलले की पत्र्याचा तुकडा उरेलही. पण तो घोड्याच्या कपाळावर होता की माणसाच्या उशाशी, हे पुन्हा कळणार नाही.