चिकटून बसणारे जीवाणू

भांडे डोळ्यांना लख्ख दिसले की ते स्वच्छ झाले असे आपण धरून चालतो. ही समजूत किती महागात पडू शकते हे २०११ साली अमेरिकेत दिसून आले. कोलोरॅडो राज्यातील एका शेतावरून बाजारात गेलेल्या खरबुजांमुळे लिस्टेरिया जीवाणूची साथ २८ राज्यांत पसरली. १४७ माणसे आजारी पडली, ३३ दगावली. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. तपासनीसांना हा जीवाणू फळे धुऊन भरण्याच्या शेडमध्ये, यंत्रांवर सापडला. ती यंत्रे आधी दुसऱ्या पिकासाठी वापरलेली होती, सहजासहजी साफ करता येण्याजोगी नव्हती, आणि जमिनीवर पाणी साचत होते. म्हणजे ज्या जागी फळ धुतले जात होते तिथेच ते दूषित होत होते!

हे घडते कसे? पाठ्यपुस्तकातील चित्रांवरून आपली कल्पना अशी होते की जीवाणू पाण्यात एकेकटे पोहत असतात. वस्तुतः त्यांना पृष्ठभागाचा आधार अधिक प्रिय. क्लॉड झोबेल यांनी १९४३ साली समुद्राच्या पाण्यावरील अभ्यासातून हे दाखवले, तर १९७८ साली कॉस्टरटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये जीवाणू कसे चिकटतात यावरच लेख लिहिला.

गंमत अशी की पहिला थर जीवाणूंचा नसतोच. दूध, डाळ, मांसरस यांचा स्पर्श होताच धातूवर प्रथिनांचा व स्निग्धांशाचा अतिसूक्ष्म लेप बसतो. त्यावर जीवाणू येऊन टेकतो. सुरुवातीची पकड सैल असते. पाण्याच्या जोरदार धारेने तो सुटतो. पण थोडा अवधी मिळाला की तो स्वतःभोवती शर्करायुक्त बुळबुळीत पदार्थ स्रवतो, त्यात वाढतो, आणि वसाहत तयार होते. सांडपाण्याच्या मोरीला किंवा पाण्याच्या हंड्याला आतून हात लावला असता जो बुळबुळीतपणा जाणवतो, तो हाच. या थराखालील जीवाणूंना जंतुनाशक पुरेसे पोचत नाही. वर अधूनमधून थराचे तुकडे सुटून नव्या अन्नात मिसळतात.

वर्गात मी हे एका साध्या प्रयोगाने दाखवतो. पाण्यात चमचाभर दूध घालून त्यात काचपट्टी एक दिवस उभी ठेवायची, नळाखाली धरायची, वाळवून ज्योतीवरून फिरवायची आणि क्रिस्टल व्हायोलेटचा रंग द्यायचा. काच हातात निर्मळ दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे पुंजके दिसतात.

यावरून धुण्याचा क्रम ठरतो, आणि माझ्या मते सारे मर्म या क्रमातच आहे. खरकट्या भांड्यावर ब्लीचिंगचे पाणी ओतणे व्यर्थ. क्लोरीन त्या खरकट्याशीच झुंजण्यात संपून जातो. दूध डेअरीत प्रथम कोमट पाणी सोडतात. एकदम कढत पाणी सोडले तर प्रथिने भाजल्यासारखी पृष्ठभागावर घट्ट बसतात. मग स्निग्धांश व प्रथिने काढण्यासाठी गरम कॉस्टिक सोडा, दुधातील क्षारांचा थर काढण्यासाठी आम्ल, पुन्हा पाणी, आणि जंतुनाशकाची पाळी सर्वांत शेवटी. आपल्या आज्या राख आणि नारळाची शेंडी घेऊन भांडी घाशीत, त्यात हेच रसायन होते. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्यामुळे तेलकटपणा सुटतो. (राखेच्या जागी अंगणातली माती घेणे मात्र वेगळी गोष्ट; मातीत लिस्टेरियाही राहतो.)

शेंडीचा आणखी एक गुण म्हणजे ती स्टीलला फारशी ओरखडत नाही. अन्नोद्योगात पत्र्याचा खडबडीतपणा साधारण ०.८ मायक्रॉनपेक्षा अधिक नसावा असा दंडक आहे. जीवाणूची लांबी एक-दोन मायक्रॉन. तारेच्या घासणीने पडलेला ओरखडा त्याला आयती खोली वाटते. गुळगुळीत पत्र्यावरही जीवाणू चिकटतात, पण तिथून ते काढता येतात, हा खरा फरक.

तांब्याच्या पृष्ठभागावर जीवाणू मरतात हे खरे आहे. पण आंबट पदार्थात तांबे उतरते म्हणून आपण आतून कल्हई करतो, आणि कल्हई केली की तो लाभ गेला. कमळाच्या पानासारखा पाणी झटकणारा लेप आणि शार्कच्या कातडीसारखी बारीक नक्षी यांवरही संशोधन चालू आहे. मला त्याचे कुतूहल आहे, तरी स्वयंपाकघरात त्यांवर फार भिस्त ठेवू नये. नक्षीवर दुधाचा लेप बसला की जीवाणूला नक्षी नव्हे, दूधच लागते.

पाण्यावाचून मात्र हा थर वाढत नाही. म्हणून धुतलेली भांडी एकात एक न घालता पालथी, सुटी ठेवून कोरडी होऊ द्यावीत. ओल्या फडक्याने पुसल्यास फडक्यातले सारे त्यांवर येते. फ्रिजवर विसंबून राहू नये, कारण लिस्टेरिया ४ अंश सेल्सिअसलाही वाढतो. वसतिगृहाच्या मेसमध्ये पाहणी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ताटे-वाट्या पाहण्याआधी मिक्सरचे पाते उघडून त्याखालची रबरी चकती काढावी आणि तिच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवावे.