लेखांक सातवा : नावातला अंक आणि आतला फेरफार

एकच लायब्ररी अनेक सॉफ्टवेअरांनी सामायिक वापरली असता जागेची आणि श्रमांची केवढी बचत होते, हे गेल्या लेखांकात आपण पाहिले. आता त्या सामायिकपणातून जी जबाबदारी उत्पन्न होते, आणि जिचा सारा भार अखेरीस दोन-तीन अंकांवर येऊन पडतो, तिचा विचार करावयाचा आहे.

भिवंडी तालुक्यातील दिघाशी गावचा कोणताही सातबारा उतारा हाती घेतला, तर त्यावर दोन जातींचे क्रमांक आढळतात : एक भूमापन क्रमांक व त्याचा हिस्सा, आणि दुसरा कब्जेदाराच्या नावाशेजारी मांडलेला फेरफार क्रमांक. वारसाची नोंद असो, खरेदी असो वा कर्जाचा बोजा असो, ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील तरतुदींप्रमाणे प्रथम फेरफार नोंदवहीत अनुक्रमांकाने चढते, हितसंबंधितांना नोटीस जाते, नोंद प्रमाणित होते, आणि मगच जुन्या नावाला कंस पडून नवे नाव उताऱ्यावर येते. फेरफार कितीही झाले तरी हिस्सा तोच राहतो, म्हणून पूर्वीच्या खरेदीखतात लिहिलेला क्रमांक तीच जमीन दाखवीत राहतो. वाटणी होऊन पोटहिस्से पडले, म्हणजे मात्र क्रमांकच पालटतो, आणि जुने खत ताडून पाहिल्यावाचून पुढचा व्यवहार होत नाही.

सामायिक लायब्ररीच्या क्रमांकांची व्यवस्था नेमकी याच भेदावर उभी आहे. लिनक्स प्रणालीत लायब्ररीच्या प्रत्यक्ष फाइलीच्या नावापुढे २.४.१ असे तीन अंक असले, तरी तिच्यावर विसंबून बांधलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा केवळ पहिल्या अंकासह तिचे नाव कोरले जाते. चालविताना प्रणाली तेवढ्याच नावाने लायब्ररी शोधते, आत २.४.१ आहे की २.५.०, याची तिला पर्वा नसते. पहिला अंक हा हिस्सा, उरलेले दोन हे फेरफार. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सूत्रबद्ध केलेल्या सुप्रसिद्ध संकेतानुसार दोष दुरुस्त केला तर तिसरा अंक वाढवावा, जुने अबाधित ठेवून नवी भर घातली तर दुसरा, आणि जुन्या वापरकर्त्याचे काम अडेल असे काही केले तर पहिला.

नियम सोपा आहे. कठीण आहे ते काम केव्हा अडेल हे ओळखणे. समजा, जमिनीचे क्षेत्र काढून देणारे एक फंक्शन आजवर उत्तर गुंठ्यांत देत होते, आणि कोणा उत्साही लेखकाने, फंक्शनचे नाव तसेच ठेवून, ते आरमध्ये देण्यास प्रारंभ केला. नाव तेच, मिळणारी संख्याही संख्याच. त्यामुळे ना सॉफ्टवेअर कोसळते, ना कोणती सूचना येते. एक गुंठा म्हणजे सुमारे १.०१२ आर, अर्थात चाळीस गुंठ्यांच्या एकराचे उत्तर आता ४०.४७ येते. तफावत एवढी अल्प की पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून सहज घसरते, आणि प्रत्येक हिशेबात मात्र ती मुरत जाते. माझ्या मते फंक्शन काढून टाकण्यापेक्षा हा बदल अधिक घातक आहे; काढून टाकलेले फंक्शन निदान तक्रार तरी करविते. येथे पहिला अंक वाढविलाच पाहिजे, मग बदललेली ओळ एकच का असेना.

ज्या युनिकोडच्या आधारे आज संगणकावर मराठी लिहिली जाते, त्याच्या इतिहासात दोन्ही प्रकारांची उदाहरणे आहेत. १९९६ साली १.१ वरून २.० वर जाताना कोरियन लिपीची हजारो अक्षरे जुन्या स्थानांवरून उचलून नव्या स्थानी नेण्यात आली. जुन्या स्थानांवर लिहिलेला मजकूर त्यामुळे निरर्थक होणार होता, आणि यापुढे एकदा दिलेले अक्षरस्थान कधीही हलवावयाचे नाही हे धोरण तेथूनच दृढ झाले. उलट २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले, ही निव्वळ भर होती, आणि दुसराच अंक वाढला हे उचित झाले. परंतु तत्पूर्वी लोक ‘अ’पुढे चंद्राचे चिन्ह जोडून तेच अक्षर लिहीत असत, आणि तसे लिहिलेले दस्तऐवज आपोआप बदलले नाहीत. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन रूपे संगणकाला भिन्न असल्याने, एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपातील नाव सापडेलच असे नाही. निर्दोष भर घालतानाही जुन्या दप्तराचे काय होणार, हा प्रश्न म्हणून आधीच विचारावा लागतो.

आता प्रकल्पाच्या क्रमांकाविषयी. प्रकल्पाची आवृत्ती ही माणसांसाठी असते, लायब्ररीचा पहिला अंक यंत्रासाठी. दोहोंना एका दावणीला बांधण्याचा मोह टाळावा, हे लायब्ररी बांधण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिबटूलच्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट बजावलेले आहे. ग्नूच्या सी लायब्ररीची २.० ही आवृत्ती १९९७ साली आली, आणि त्यानंतर २.३० च्या पलीकडे मजल गेली, तरी लिनक्सच्या प्रचलित यंत्रांवर तिच्या फाइलीच्या नावातला अंक आजही सहाच आहे. आतले एखादे फंक्शन बदलावे लागले, तर जुने रूप जुन्या आवृत्तीच्या खुणेसह आणि नवे रूप नव्या खुणेसह, अशी दोन्ही एकाच फाइलीत नांदतात. कंसातले नाव उताऱ्यावर राहावे तसे. युनिकोडचे काम पाहणारी आयसीयू ही लायब्ररी मात्र दुसऱ्या मार्गाने गेली : २०१२ साली ४.८ नंतर तिने एकदम ४९ हा क्रमांक घेतला आणि फाइलीचा अंक व प्रकल्पाचा अंक एकच केला. लक्षात ठेवण्यास हे सुटसुटीत खरे, पण प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर तिच्यावर अवलंबून असलेले सारे पुन्हा बांधावे लागते. ज्यांच्यापाशी बांधणीची यंत्रणा सज्ज आहे त्यांना ते परवडते. लहान कचेरीसाठी एकट्याने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याला मी पहिलाच मार्ग सुचवीन.

पहिला अंक वाढविणे अपरिहार्य झाले, तर जुनी फाइल त्याच दिवशी हटवू नये. २ आणि ३ या दोन्ही फाइली शेजारी शेजारी सुखाने राहतात, आणि २ वर विसंबलेले शेवटचे सॉफ्टवेअर नव्याने बांधून होईपर्यंत तिच्यातील सुरक्षेचे दोषही दुरुस्त करीत राहावे. तशी दुरुस्ती झाली की २.४.१ चे २.४.२ होते, आणि ३ या अंकाला तिच्याशी काही कर्तव्य नसते. ती मुदत किती असावी आणि तिची जाहीर सूचना कोणत्या शब्दांत द्यावी, हा पुढील लेखांकाचा विषय.