लेहच्या वाटेवरचं पंक्चर : ऐकीव सल्ले आणि वस्तुस्थिती

जून जवळ आला की पुण्या-मुंबईहून लडाखला निघणाऱ्या बाइकस्वारांची लगबग सुरू होते. जॅकेट, हातमोजे, सामानाच्या पेट्या यांवर आठवडेच्या आठवडे खल होतो. टायरच्या वाट्याला मात्र दोन-चार ऐकीव सल्लेच येतात. मनाली-लेह रस्त्यावर हे सल्ले महागात पडू शकतात. दारचा मागे टाकलं की उपशीपर्यंतच्या अडीचशेहून जास्त किलोमीटरमध्ये मुख्यतः सरचू, पांग अशा उन्हाळ्यापुरत्या तंबूंच्या वस्त्याच लागतात. तिथे चहा आणि मॅगी नक्की मिळते, पण पंक्चर काढणारा भेटेलच असं नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा सल्ला म्हणजे, ‘उंचावर टायर फुगून फुटतो, खिंडीआधी हवा सोडा.’ यातला अर्धा भाग खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. प्रेशर गेज दाखवतं तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक असतो. बाहेरची हवा विरळ झाली की हा आकडा वाढतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरच्या वर. एवढ्या चढात केवळ उंचीमुळे साधारण ४ पीएसआय वाढतात. पण खिंडीत थंडीही असते. तापमान १५ अंशांनी उतरलं की त्यातले २ पीएसआय परत जातात. म्हणजे मागच्या टायरमध्ये ३२ भरून निघालात तर वर ३४च्या आसपास दिसतील. सपाट हायवेवर तासभर वेगात गाडी चालवली तरी टायर तापून दाब तेवढा वाढतोच, आणि धडधाकट टायर तो सहज सोसतो. घात होतो तो हवा सोडल्याने. खिंडीत ती २८वर आणून ठेवली आणि तशीच गाडी मनालीला उतरवली, तर तापमान तेच धरलं तरी गेजवर २४ दिसतील.

आणि कमी हवा हेच पंक्चरचं मोठं कारण आहे. ‘हवा कमी ठेवली की पकड वाढते’ हे सैल वाळूत ठरावीक अंतरापुरतं ठीक आहे. दोन्ही बाजूंना पेट्या लटकवलेली गाडी धारदार दगडांच्या रस्त्यावर तशी चालवली, तर खड्ड्याच्या काठावर टायर पार दबतो आणि ट्यूब दगड व रिम यांच्यामध्ये चिमटली जाते. ट्यूबला शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर खिळा शोधत बसू नका, हे चिमट्याचं पंक्चर आहे. म्हणून रोज सकाळी, टायर थंड असताना, मॅन्युअलमध्ये सामानासह किंवा मागे माणूस बसवून जो आकडा दिला आहे तो पाहून हवा भरावी. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत मोलाची वस्तू कुठली, तर खिशात मावणारं स्वतःचं गेज.

‘पायपंप आहे ना, मग चिंता कसली?’ पंप हवाच, पण तो घरी वापरून पाहिला आणि वाटेतल्या मोअरच्या पठारावर वापरला यात फरक आहे. ४,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. पंपाच्या प्रत्येक झटक्यात तेवढीच कमी हवा आत जाते. हिशेब केला तर ३२ पीएसआयसाठी मुंबईच्या जवळजवळ पावणेदोन पट झटके मारावे लागतात, तेही दम लागलेल्या छातीने. गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसरसुद्धा तिथे जास्त वेळ घेतो, म्हणून तो लावताना इंजिन चालू ठेवावं.

ट्यूबलेसबद्दलचा भ्रम वेगळ्या प्रकारचा आहे. ट्यूबलेस टायरही पंक्चर होतो, फक्त खिळा आत रुतून असेल तर हवा बहुधा हळूहळू जाते. त्यामुळे खिळा दिसताच उपटू नये. आधी किट उघडून पट्टी सुईत ओवून ठेवावी, कॉम्प्रेसर जोडून पाहावा, मगच खिळा काढावा. आणि पट्टी लागते ती जमिनीला टेकणाऱ्या भागालाच. बाजूची भिंत कापली गेली तर पट्टीने भागत नाही. अशा वेळी आतून जाड तुकडा लावून, ट्यूब घालून, हळू जाऊन गाव गाठावं लागतं. म्हणून ट्यूबलेसवाल्यांनीही मापाची एक ट्यूब सोबत ठेवावी.

ट्यूबवाल्या चाकाचं उलट आहे. तिथे हवा झटकन जाते आणि ‘पुढच्या वळणापर्यंत नेतो’ म्हणत गाडी रेटली की ट्यूबच्या चिंध्या होतात, व्हॉल्व्ह मुळातून उखडतो. जागीच थांबावं. सीलंट ओतला म्हणजे काम झालं असंही नाही. टायरमधल्या बारीक भोकाला तो उपयोगी पडतो, ताणून फाटलेल्या ट्यूबला नाही, आणि नंतर त्या बुळबुळीत जागेवर ठिगळ चिकटत नाही. नायट्रोजनबद्दल फार बोलायला नको. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच, आणि खिळ्याला दोन्ही सारखेच.

‘किट घेतलंय, वेळ आली की जमेल’ हा समज मात्र मला सगळ्यांत घातक वाटतो. निघण्याआधी मागचं चाक एकदा घरीच स्वतः काढून बसवावं. तेव्हाच कळतं की कंपनीने दिलेल्या पान्यांत ॲक्सलच्या नटाचा पाना नाही, किंवा गाडीला मधला स्टँडच नसल्याने चाक उचलायला साइड स्टँडच्या जोडीला काहीतरी टेकू हवा. चेन ॲडजस्टरची खूण पाहून ठेवावी. डिस्कचं चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नये, पिस्टन बाहेर सरकतात.

नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा आतच राहिला तर तीही दहा मिनिटांत बसते. ट्यूबमध्ये किंचित हवा भरून तिला आकार द्या, टायरचा काठ साबणाच्या पाण्याने ओला करा, समोरचा काठ रिमच्या खोलगट भागात दाबून ठेवा आणि लिव्हर व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने चालवत व्हॉल्व्हपाशी संपवा. बहुतेक नव्या ट्यूब याच शेवटच्या वीतभरात लिव्हरने फाटतात. ठिगळ लावताना सोल्युशन ओलं असताना घाई करू नका. ते सुकून बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ दाबायचं.

जुन्या हिमालयन बाइकसारखं पुढे २१ आणि मागे १७ इंची चाक असेल आणि एकच ट्यूब न्यायची असेल, तर पुढची न्या. अडचणीच्या वेळी ती मागे कोंबता येते, मागची पुढे घालता येत नाही. ट्यूब कापडात गुंडाळून ठेवा, पान्यांशी घासून ती पेटीतच झिजते. आणि पंक्चर काढून निघालात की वीसेक किलोमीटरवर थांबून ॲक्सलचा नट, चेनचा ताण, ब्रेक आणि हवा पुन्हा पाहा.