एका हॉर्सपॉवरचा भाव

१०,५०० भागिले ३२०. उत्तर ३३ च्या जरासं आत येतं.

२०२४ च्या मस्टँग जीटीसाठी फोर्डच्याच ‘फोर्ड परफॉर्मन्स’ विभागानं सुपरचार्जरचं किट आणलं, तेव्हा त्याची किंमत १०,५०० डॉलर जाहीर झाली होती. मूळ गाडी ४८० हॉर्सपॉवरची, किट बसवल्यावर ८००. म्हणजे वाढीव प्रत्येक हॉर्सपॉवर ३३ डॉलरला पडली. गाडी स्वतः सुमारे ४३ हजार डॉलरची, म्हणजे तिच्यातली हॉर्सपॉवर ९० डॉलरला एक. बाकीची गाडी बाजूला ठेवली तर नवी ताकद जुनीच्या साधारण एक-तृतीयांश भावात मिळाली. इतका स्वस्त सौदा दिसला की माणसानं आधी विचारावं, उरलेले पैसे कोण भरतंय?

३३ डॉलर हा खोक्याचा भाव. रस्त्यावरचा भाव वेगळा, आणि तो कळायला आपण नक्की काय विकत घेतो हे पाहावं लागतं. आपण विकत घेतो हवा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं, मोठे इंजेक्टर लावले की झालं. हवा मात्र साधं इंजिन स्वतःच्या श्वासानं ओढतं, आणि तिथंच त्याची मर्यादा येते. सुपरचार्जर म्हणजे क्रँकशाफ्टवरून पट्ट्यानं फिरणारा हवेचा पंप. अमेरिकेतल्या इंडियानात रूट्स बंधूंनी १८६० मध्ये अशा पंपाचं पेटंट घेतलं, ते मोटारीसाठी नव्हे, कारण तेव्हा मोटार होतीच कुठे? भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवणं हे त्याचं काम. इंजिनात हवा कोंबण्याची कल्पना गॉटलीब डाइम्लरनं १८८५ मध्ये नोंदवली.

आता हिशेब. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय असतो (वरच्या १४.७ शी याचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग). सुपरचार्जरनं त्यात ७ पीएसआयची भर घातली की दाब १.४८ पट होतो. मग ताकद ४८ टक्के वाढली का? नाही. हवा दाबली की तापते. बाहेर ३० अंश असेल आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा जवळजवळ ९० अंशांवर जाते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात २३ टक्केच जास्त हवा पोहोचते. दाबातल्या वाढीपैकी निम्म्याहून जास्त उष्णतेनं खाल्ली. मधे इंटरकूलर बसवला आणि त्यानं त्या जादा उष्णतेतली ७० टक्के काढून घेतली, तर २३ चे ३९ टक्के होतात. इंटरकूलर नसलेलं किट स्वस्त दिसतं ते यामुळेच, आणि महागही पडतं ते यामुळेच. तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी भडकतं, नॉकिंग सुरू होतं, आणि त्याचा मार थेट पिस्टनला बसतो.

शिवाय पंप फुकट फिरत नाही. दोन लिटरचं इंजिन ७,००० आरपीएमवर असताना वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर हवा दाबायलाच १४ हॉर्सपॉवर जातात. मोठ्या इंजिनात हा आकडा डोळे विस्फारायला लावतो. २०१५ च्या डॉज हेलकॅटचा सुपरचार्जर पूर्ण वेगात सुमारे ८० हॉर्सपॉवर खातो आणि त्यानंतर क्रँकशाफ्टवर ७०७ उरतात. म्हणजे जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा इंजिनाच्या आतल्या भागांवर बराच जास्त ताण असतो. किटवर छापलेली ताकद आपल्याला मिळते, न छापलेली बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉड सोसतात.

हाच हिशेब एका लहान गाडीवर लावू. पहिल्या पिढीची टोयोटा ८६, १,९९८ सीसी, २०० हॉर्सपॉवर. २०० वर ३९ टक्के म्हणजे २७८, त्यातून पंपाची आणि पट्ट्याची भूक वजा केली की २६० च्या आसपास. वाढ ६० ची. अमेरिकेत या गाडीची किट ढोबळमानानं ४ ते ६ हजार डॉलरला मिळत आली आहेत. पाच हजार धरले तर हॉर्सपॉवरमागे ८३ डॉलर, म्हणजे मस्टँगच्या अडीचपट. कारण उघड आहे. पंपाचं कवच, ब्रॅकेट, पट्टा, पाइप, ईसीयूचं ट्यूनिंग, मेकॅनिकचे तास, यातलं काहीच इंजिन अर्ध्याहून लहान आहे म्हणून अर्ध्या किमतीत येत नाही. वाढ मात्र टक्क्यांत मिळते. ज्याच्याकडे आधीच जास्त आहे त्यालाच जास्त मिळतं, हा न्याय इथंही आहे.

परत मस्टँगकडे, कारण खरं बिल तिथं उलगडतं. किट बसवायला सराईत गॅरेजला पंधरा-वीस तास लागतात. अठरा तास आणि ताशी १५० डॉलर धरले तर मजुरी २,७००. एकूण १३,२०० आणि भाव ४१ डॉलर. इथवरचा खर्च टाळता येत नाही. पुढचा टाळता येतो, निदान काही दिवस.

फोर्डच्या या पाच लिटर इंजिनाचं नाव कायोटी. ते मजबूत म्हणून ओळखलं जातं, पण त्याची एक दुखरी जागा ट्यूनिंगवाल्यांना पाठ आहे, ती म्हणजे ऑइल पंपाचे गिअर. धातूची पूड साच्यात दाबून, भट्टीत भाजून ते बनवतात. मूळ ताकदीला ते पुरेसे आहेत. बूस्ट वाढवून इंजिन वारंवार आरपीएमच्या शेवटच्या हद्दीवर आपटलं, तर ते तुटू शकतात, आणि पंप बंद पडला की काही सेकंदांत सगळं इंजिन जातं. घन पोलादातून कोरलेले गिअर फार महाग नसतात. महाग असतं इंजिनाचं पुढचं झाकण उघडणं. सुट्या भागांसह दोन हजार डॉलर धरा. मॅन्युअल गाडी असेल तर मूळ क्लच आज ना उद्या घसरणार, त्याचे आणखी दोन हजार. बेरीज १७,२००, भाव ५४ डॉलर. स्पार्क प्लग आणि मागचे रुंद टायर यांचा खर्च मी यात मिळवलेलाही नाही. ८०० हॉर्सपॉवरची गाडी हौसेनं चालवणाऱ्याला मागचे टायर किती दिवस पुरतात, हे त्याच्या उजव्या पायानं ठरवायचं.

पेट्रोलचा खर्च मात्र दर आठवड्याला दिसतो. प्रीमियम आता सक्तीचं. वर्षाला १०,००० मैल, गॅलनला १७ मैल आणि साध्या व प्रीमियम पेट्रोलमध्ये ९० सेंटचा फरक धरला, तर वर्षाला ५३० डॉलर जादा. पाच वर्षांत ते मजुरीच्या बिलाएवढे होतात. अमेरिकेत किटांचे आकडे बहुधा ९३ ऑक्टेनवर दिलेले असतात, आणि कॅलिफोर्नियातल्या पंपांवर प्रीमियम म्हणून ९१ मिळतं. तिथं ट्यूनिंग सौम्य ठेवावं लागतं, म्हणजे भागाकारातला खालचा आकडा घटतो आणि भाव पुन्हा चढतो. त्याच राज्यात किटला हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल, तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या धूर तपासणीत गाडी नापास होते. असं किट निम्म्या किमतीत मिळालं तरी घेऊ नये.

आणि वॉरंटी. फोर्डची इंजिन-गिअरबॉक्सवरची मूळ वॉरंटी ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची. हे किट अधिकृत विक्रेत्याकडून किंवा प्रमाणित मेकॅनिककडून बसवून घेतलं, तर त्यावरची मर्यादित वॉरंटी ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची. दुसऱ्या एखाद्या कंपनीचं स्वस्त किट लावलं, तर १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा थोडाफार ग्राहकाच्या बाजूनं उभा राहतो. सुटा भाग बाहेरचा आहे एवढ्याच कारणावरून कंपनीला सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही. पण बिघाड त्या भागामुळेच झाला असेल तर ती हात वर करू शकते. फुटलेला पिस्टन आणि त्याच्या वर बसवलेला सुपरचार्जर यांचा संबंध जोडायला कंपनीला फार कष्ट पडत नाहीत.

मग कंपनी स्वतः हीच गोष्ट करते तेव्हा किती पैसे घेते? २०२० ची शेल्बी जीटी५०० कारखान्यातूनच सुपरचार्जर लावून आली, ७६० हॉर्सपॉवर, सुमारे ७४ हजार डॉलर. त्या वर्षीची साधी जीटी ४६० हॉर्सपॉवरची, ३६-३७ हजारांची. फरक ३०० हॉर्सपॉवर आणि ३७ हजार डॉलर. भाव १२३.

३३ आणि १२३ मधला फरक नफेखोरीचा नाही, निदान सगळा नाही. जीटीचं कॉम्प्रेशन १२ ला १, जीटी५०० चं ९.५ ला १. जादा हवा येणार हे ठाऊक असल्यानं सिलिंडरमध्ये आधीच जागा सोडलेली होती. सहा हीट एक्स्चेंजर, पुढच्या चाकांना ४२० मिलिमीटरच्या डिस्क, ट्रेमेकचा सात गतींचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स. किट घेणारा १२ ला १ वरच हवा कोंबतो आणि ठिणगीची वेळ मागे ओढून नॉकिंग टाळतो. ब्रेक तेच, रेडिएटर बहुधा तोच. कंपनीनं मूळ इंजिनात सुरक्षेसाठी जी शिल्लक राखलेली असते ती तो वापरतो, म्हणून त्याला ताकद स्वस्त पडते. महामार्गावर दहा सेकंद जोर लावून पुन्हा शांतपणे जाणाऱ्याला ४१ ते ५४ चा भाव पुरेल. रेसट्रॅकवर वीस-वीस मिनिटं गाडी पळवणाऱ्यानं १२३ चाच भाव धरावा. तो एकदम शोरूममध्ये भरायचा की हप्त्याहप्त्यानं गॅरेजमध्ये, एवढंच त्याच्या हातात आहे.

मुंबई-पुण्यातले गाडीशौकीन हा हिशेब आपल्या हॅचबॅकला लावून बघतात, म्हणून तोही मांडतो. १.२ लिटर, ८३ हॉर्सपॉवर. ३९ टक्के वाढवले की ११५, पंपाचे आठ वजा, राहिले १०७. वाढ २४ ची, तीही कागदावर. आपलं साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं, आणि ऑक्टेन मोजण्याची पद्धत अमेरिकेहून वेगळी असल्यानं ते कॅलिफोर्नियातल्या ९१ पेक्षा कमी प्रतीचं ठरायचं. अशा गाड्यांसाठी तयार किट नसल्यात जमा, सगळं घडवून घ्यावं लागतं. ते दोन लाखांत जमलं असं मानलं तरी हॉर्सपॉवरमागे ८,३०० रुपये. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर मस्टँगवाल्याच्या खोक्याचा भाव २,८०० च्या आसपास.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीनं ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या जानेवारीत ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. दंड परवडेल. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरनं बॉनेट उघडून नाकारलेला दावा परवडणार नाही.

इथंही कारखान्याचा भाव पाहू. ह्युंदाईच्या आय२० मध्ये १.२ लिटरचं इंजिन ८३ हॉर्सपॉवरचं, तर त्याच गाडीच्या एन लाइन आवृत्तीतलं एक लिटर टर्बो १२० चं. फरक ३७. व्हेरिएंटनुसार किमतीत दोन-तीन लाखांचं अंतर पडतं. अडीच लाख धरले तर हॉर्सपॉवर पावणेसात हजारांना पडते, आणि ती आरसीवरही असते, वॉरंटीतही.