माजघरात उजेड

आपल्याकडची जुनी कौलारू घरे बघा. ओटीवर लख्ख उजेड असतो. माजघरात पाऊल टाकले की काही दिसेनासे होते. घरातल्या बायांचा निम्मा दिवस तर तिथेच जातो. तांदळातला खडा दिसत नाही. कोपऱ्यातला विंचू दिसत नाही. मग भर दुपारी दिवा लावायचा. बाहेर सूर्य फुकट उजेड देतो आहे आणि आपण आत विजेचे बिल वाढवतो!

माजघर घराच्या मधोमध. त्याला बाहेरची भिंतच नसते. मग खिडकी काढणार कुठे? उजेड वरूनच आणला पाहिजे. पण छपराला भोक पाडले तर पाऊस आत येईल. इथे काच कामाला येते. काच उजेडाला वाट देते, पावसाला देत नाही. ही काच होते कशाची? वाळूची! वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत वितळवली की काच तयार होते.

उजेडाची किंमत काय, ते इंग्लंडातल्या लोकांना विचारावे. तिथे १६९६ साली सरकारने खिडक्यांवर कर बसवला. खिडक्या जास्त, तर कर जास्त. लोकांनी काय केले? कर चुकवण्यासाठी खिडक्या विटांनी बुजवल्या! माणसे अंधारात, कोंदट हवेत राहू लागली. डॉक्टर सांगू लागले, अशाने लोक आजारी पडतात. शेवटी १८५१ साली तो कर उठला.

आपल्या उजेडावर असला कर नाही. मग आपण अंधारात का बसावे?

बाजारात काचेचे कौल मिळते. ते मंगळुरी कौलाच्याच मापाचे असते. एक मातीचे कौल काढायचे, तिथे हे बसवायचे. भिंत फोडायला नको, वासा कापायला नको. माजघरावर माळा असेल, तर कौलाखालच्या दोन फळ्या मात्र काढाव्या लागतील. नाहीतर उजेड माळ्यावरच अडेल. फळ्या काढल्या त्या जागी कठडा करा, म्हणजे पोर खाली पडणार नाही.

काचेची कौले फार लावू नका. काचेतून आलेल्या उन्हाने घर तापते आणि ती उष्णता लवकर बाहेर जात नाही. आधी दोनच लावून बघा. जमल्यास ती उत्तरेकडच्या पाख्यावर लावा. आपल्याकडे सूर्य वर्षातला बराच काळ दक्षिणेकडून जातो. म्हणून उत्तरेकडून उजेड मिळतो, पण ऊन कमी येते. नारळाच्या झाडाखाली काचेचे कौल लावू नये. छपरावर चढलात तर त्यावर पाय देऊ नये.

चुलीच्या धुराने काच आतून काळी होते. बाहेरून तिच्यावर शेवाळ धरते. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतोच. त्याच वेळी काच दोन्ही बाजूंनी पुसून घ्यावी.

घरात वडीलधारी बाई असेल, तिला आधी विचारा, "कौल कुठे बसवू?" अंधार नेमका कुठे आहे, ते तिलाच ठाऊक असते.