भिंगातून दिसणारे शिवार

छायाचित्रण हा श्रीमंतांचा शौक आहे, अशी समजूत आपल्या समाजात फार जुनी आहे. मुंगीचे डोळे, फुलपाखराच्या पंखांवरील खवले, भाताच्या लोंबीवरील दवबिंदू यांची मोठाली चित्रे पाहिली म्हणजे तर सामान्य माणूस मनाशी म्हणतो, “हे आपले काम नव्हे, यासाठी लाखाचा कॅमेरा हवा.” सूक्ष्म वस्तूंच्या या छायाचित्रणाला ‘मॅक्रो’ म्हणतात, आम्ही त्यास समीपचित्रण म्हणू. त्यासाठी पैशापेक्षा धीर अधिक लागतो, असे आमचे मत आहे, आणि त्याचा दाखला आपल्याच भाषेतील एका थोर पुरुषाने घालून दिलेला आहे.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा चित्रपट काढण्यासाठी त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. आपल्या कलेची खात्री पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसविला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र टिपले. ती चित्रे सलग दाखविताच अंकुर डोळ्यांदेखत वर येऊन रोप वाढू लागले. ‘अंकुराची वाढ’ हा चित्रपट मिनिटभराहून किंचित मोठा होता. पण तो पाहून छायाचित्रण-साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी फाळक्यांना कर्ज दिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. कुंडी, वाटाणा आणि नेम न चुकणारा माणूस! कॅमेरा महाग होता खरा. परंतु धनिकाचे मन वळविले ते रोजच्या त्या एका चित्राने.

आता साधनांकडे वळू. आज बहुतेक घरांत कॅमेऱ्याचा मोबाइल असतो, तेव्हा निम्मा खर्च आधीच झालेला आहे. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले दहा पटींचे भिंग घ्यावे आणि ते मोबाइलच्या भिंगावर नीट मधोमध धरावे. अशा भिंगातून वस्तू स्पष्ट दिसते ती सुमारे अडीच सेंटिमीटरवर. म्हणून लांबून चित्र घेण्याची सवय सोडून अगदी जवळ जावे लागते. मोबाइलला चिमट्याने अडकविता येणारी भिंगेही बाजारात काही शे रुपयांत मिळतात.

ज्यांच्या कपाटात भिंग बदलता येणारा कॅमेरा आहे, त्यांना आणखी दोन मार्ग आहेत. पहिला, भिंग व कॅमेरा यांच्यामध्ये पोकळ नळी बसविण्याचा. तिच्यात काच मुळीच नसते, म्हणून ती स्वस्त असते. पन्नास मिलिमीटरच्या भिंगामागे पन्नास मिलिमीटर लांबीची नळी लावली, तर वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत वस्तूएवढीच उमटते. खऱ्या समीपचित्रणाची खूण हीच. दुसरा मार्ग भिंग उलटे बसविण्याचा. त्यासाठी एक साधी कडी पुरते. उलट्या भिंगाने धूळ मात्र लवकर आत शिरते, म्हणून वाऱ्यापासून जपावे.

इतके जवळ गेल्यावर दोन अडचणी उभ्या राहतात. एक म्हणजे स्पष्टतेचा पट्टा अतिशय अरुंद होतो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले तर पाय धूसर होतात. यावर उपाय असा की, कॅमेऱ्याचे चक्र फिरवीत न बसता कोपर गुडघ्यावर टेकवून आपले शरीरच केसभर पुढेमागे हलवावे आणि त्या हालचालीत पाच-सात चित्रे घ्यावीत. त्यांतले एखादे हमखास साधते. दुसरी अडचण उजेडाची. दुपारचे ऊन कडक छाया पाडते. सकाळचा कोवळा किंवा आभाळ भरून आलेल्या दिवसाचा उजेड उत्तम. ऊन अटळच असेल, तर दुधाच्या धुतलेल्या पांढऱ्या पिशवीचा पडदा मध्ये धरावा आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा करावा. एवढ्याने चित्राला मऊपणा येतो.

विषय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पिरनवाडीच्या तिठ्यावरून जांबोटी-चोर्ल्याच्या घाटाकडे जाणारी वाट सह्याद्रीत शिरते, हे खरे. पण आरंभ परसातच करावा. मिरचीच्या पानामागे मावा असतो आणि त्याचा फडशा पाडणारा ठिपक्यांचा भुंगेराही तेथेच असतो. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचे किडे मातीवर फिरू लागतात. कढीपत्त्याच्या झाडावर काळे फुलपाखरू अंडी घालून जाते. त्यातून निघणारी लहानगी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि हीच तिची ढाल! फाळक्यांप्रमाणे त्या अळीचे रोज एक चित्र घेतले, तर महिन्या-सव्वा महिन्यात घरच्या मुलांना एका जन्माची गोष्ट आपल्या डोळ्यांनी वाचता येईल. मात्र किडे फ्रिजमध्ये गारठवून किंवा चिकटवून चित्रे काढू नयेत. पहाटेच्या गारव्यात ते आपोआपच संथ असतात. त्या वेळी उठण्याचे कष्ट आपण घ्यावेत.

कोणी विचारील, या खटाटोपाचा उपयोग काय? त्यांनी ठाणे-कल्याण परिसराकडे पाहावे. इमारतींनी गजबजलेल्या त्या भागात संशोधकांना उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात सापडली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात निःशस्त्र असताना अतिरेक्याला घट्ट धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ २०२१ साली त्या जातीला ‘आयसियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले. नखाएवढ्याही नसलेल्या त्या जिवाजवळून किती पिढ्या गेल्या असतील! कोणी वाकून पाहिले, म्हणून त्याला नाव मिळाले.

आमच्या या बाजूलाही शहर गावाला भिडत चालले आहे. भाताचे बांध मोडून तेथे प्लॉट पडतात, तेव्हा रस्ता रुंद झाल्याचे सर्वांना दिसते. त्या बांधावर काय राहत होते, हे कोणाला सांगता येत नाही. जे कधी पाहिलेच नाही, त्याच्या जाण्याची हळहळ तरी कोण करणार? म्हणून आमची प्रत्येक घराला विनंती आहे की, यंदाच्या मृगापूर्वी एक भिंग घ्यावे आणि मुलांच्या हाती द्यावे. एखादा बांध ठरवावा. दर रविवारी तेथे जाऊन जे दिसेल त्याचे चित्र घ्यावे, तारीख, वेळ व जागा वहीत लिहावी. नाव कळले नाही तरी चित्र जपून ठेवावे. चित्रे साधारण आली तरी चालतील. आपल्या शिवारात कोण कोण नांदत होते, याचा लेखी जबाब तेवढा पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहील.